३१ डिसेंबरची मोजणी

आपल्याकडे घरफोडी करणाऱ्याला साधारण किती शिक्षा होते? कायद्याच्या पुस्तकात कमाल मर्यादा सापडते. पण न्यायालयं प्रत्यक्षात किती देतात? सहा महिने, दोन वर्षं, की नुसता दंड आणि चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) गुन्हेविषयक वार्षिक अहवालात हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. हा अहवाल १९५३ पासून निघतो. किती गुन्हे नोंदले, किती अटका झाल्या, किती जण दोषी ठरले, किती सुटले, याचे रकानेच्या रकाने त्यात आहेत. दोषी ठरलेल्याला किती वर्षं मिळाली, हा रकाना मात्र नाही.

कारण साधं आहे. ही आकडेवारी पोलीस ठाण्यातून वर जाते. निकाल लागला की पोलिसांच्या दृष्टीने खटला संपला, पुढची मुदत त्यांच्या नोंदवहीचा विषय नाही. एका फिर्यादीत अनेक कलमं असतील तर मोजताना सर्वांत जड कलम तेवढं धरतात. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात जातो. या प्रकारासाठी वेगळी ओळ २०१७ च्या अहवालात आली. त्याआधीच्या वर्षांमध्ये असे बलात्कार आकड्यात दिसतच नाहीत.

दोषसिद्धीचं प्रमाण हा आकडा बातम्यांमध्ये सतत येतो. २०२२ मध्ये बलात्काराच्या खटल्यांत ते २७.४ टक्के होतं. म्हणजे शंभर तक्रारींपैकी सत्तावीस जणींना न्याय मिळाला, असं वाचणाऱ्याला वाटतं. तसं ते नाही. त्या वर्षी न्यायालयांसमोर असे १,९८,२८५ खटले होते, त्यातले १८,५१७ निकाली निघाले आणि ५,०६७ मध्ये शिक्षा झाली. टक्केवारी काढताना भागाकार १८,५१७ ने केलेला आहे. उरलेले पावणेदोन लाखांहून अधिक खटले गणिताच्या बाहेर राहिले. ते सगळे छेदात घातले तर आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तोही खरा नाही, कारण त्यातले अनेक पुढे निकाली निघणारच आहेत. खरं उत्तर हवं असेल तर एका वर्षी नोंदलेल्या तक्रारी हातात धरून त्या प्रत्येकीचा शेवटपर्यंत माग काढायला हवा. आपली वार्षिक आकडेवारी तसा माग ठेवत नाही. शिवाय अपिलात निकाल फिरला तरी आधीच छापलेला आकडा बदलत नाही.

मग शिक्षेची मुदत कुठेच मोजली जात नाही का? जाते, पण तुरुंगात. एनसीआरबीचा दुसरा अहवाल तुरुंगांवर असतो, आणि त्यात ३१ डिसेंबरला आत असलेल्या सिद्धदोष बंद्यांची मुदतीनुसार वर्गवारी मिळते. तिथे जन्मठेपवाले निम्म्याहून अधिक दिसतात. यावरून आपली न्यायालयं फार कडक आहेत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि इथेच संख्याशास्त्रातला एक जुना चकवा लागतो.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. रात्री दहा वाजता डोकी मोजली तर आठ दिवस मुक्कामाला आलेले काका, मावशी आणि त्यांची मुलंच भेटतील. अक्षता टाकून, जेवून गेलेली चारशे माणसं मोजणीत येणार नाहीत. तुरुंगाचं तसंच आहे. समजा एका न्यायालयाने दर महिन्याला एकाला एक महिन्याची कैद दिली आणि वर्षातून एकदा एकाला चौदा वर्षांची. वर्षाच्या तेरा निकालांपैकी बारा सौम्य. हे वर्षानुवर्षं चाललं, तर ३१ डिसेंबरला आत कोण असेल? महिनाभराचा एक आणि चौदा वर्षांवाले चौदा. तीच न्यायालयं, तेच निकाल, पण एका मोजणीत बहुतेक शिक्षा किरकोळ दिसतात आणि दुसरीत बहुतेक माणसं दीर्घ मुदतीची.

याहून मोठं छिद्र कच्च्या कैद्यांचं आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारातली तीन अजून दोषी ठरलेलीच नव्हती. खटला चालू असताना काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. एखादा गरीब माणूस जामीनदार मिळाला नाही म्हणून दोन वर्षं आत राहतो, मग त्याला दोन वर्षांची कैद सुनावली जाते आणि तो त्याच दिवशी बाहेर पडतो. वर्षअखेरीच्या सिद्धदोषांमध्ये तो कुठेच नसतो. कोणी निर्दोष सुटला, तर त्याने भोगलेली वर्षं शिक्षा म्हणून कुठेही लिहिली जात नाहीत. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच टोचतं.

जन्मठेपेचा रकानाही एकजिनसी नाही. कुणाला चौदा वर्षांनंतर शिक्षामाफीचा विचार होण्याची आशा असते, तर २००८ नंतर सर्वोच्च न्यायालयाने काहींना २५ किंवा ३० वर्षं माफीविना अशाही शिक्षा दिल्या. तक्त्यात दोघेही शेजारीशेजारी बसतात.

निदान फाशी तरी नीट मोजली असेल असं वाटतं. इतकी गंभीर, इतकी क्वचित गोष्ट. या शतकात आठ जणांना फाशी झाली. त्यांतल्या दोन महाराष्ट्रातल्या, २०१२ मध्ये येरवड्यात आणि २०१५ मध्ये नागपुरात. पण स्वातंत्र्यापासून एकूण किती? बरीच वर्षं पन्नासच्या आसपासचा आकडा सरकारी म्हणून फिरत होता. मग पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने विधी आयोगाच्या १९६७ च्या अहवालाचं परिशिष्ट उघडून दाखवलं. १९५३ ते १९६३ या दशकातच, सोळा राज्यांत मिळून, १,४२२ जणांना फाशी झाल्याची नोंद त्यात होती. म्हणजे नोंद सरकारच्याच घरात होती, कुणी पाहिली नव्हती एवढंच.

शिक्षांची नोंदही अशीच घरात आहे. तालुक्याच्या न्यायालयातल्या मराठी निकालपत्राचं शेवटचं पान काढा. ‘आदेश’ या मथळ्याखाली कलम, सक्तमजुरी की साधी कैद, दंड, दंड न भरल्यास आणखी किती दिवस, आधी भोगलेल्या कैदेची वजावट, सगळं लिहिलेलं असतं. असे निकाल ई-कोर्टच्या संकेतस्थळावर चढतातही, पण तक्ता म्हणून नव्हे, मजकूर म्हणून. त्यातून मुदत वेचायची तर माणसानेच बसून वाचावं लागतं, आणि कलम लिहिण्याच्या पद्धती दर न्यायालयागणिक वेगळ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ कलम तिथे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८ झालं. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्या कलमांखालीच चालतील, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं दोन्ही क्रमांक एकाच न्यायालयात नांदणार. कलम, मुदत, आधी भोगलेले दिवस आणि दंड, एवढे चार रकाने निकालाच्या दिवशीच संगणकात भरायची सक्ती आता झाली, तर घरफोडीच्या त्या पहिल्या प्रश्नाला दोनेक वर्षांत उत्तर मिळू शकेल.