गाळाचं वय नेमकं कशाचं वय?

जानेवारी 2002 मध्ये खंभातच्या आखातातून उपसलेला एक लाकडाचा तुकडा साडेनऊ हजार वर्षं जुना असल्याचं जाहीर झालं, आणि लगेच समुद्राखाली जगातलं सर्वात प्राचीन नगर सापडल्याचा गाजावाजा झाला. लाकडाचं वय बरोबर असेलही. पण त्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ ओततात आणि भरती-ओहोटी तो सतत घुसळते. लाकूड जुनं, एवढ्यावरून शेजारचे दगड नगराचे ठरत नाहीत.

असं वय काढतात ते कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनवरून. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळून तो तयार होतो. झाडं तो हवेतून घेतात, प्राणी अन्नातून. जीव मेला की आवक थांबते आणि साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. हे मोजमाप सुरू होतं मृत्यूपासून. पान नदीच्या तळाशी कधी बसलं, याची नोंद त्यात नाही.

आता मिठी नदीतला मूठभर चिखल घ्या. त्यात यंदाच्या पावसात गळालेलं पान आहे, ढासळलेल्या काठाची जुनी माती आहे, डिझेल आणि प्लॅस्टिकही आहे. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यातला कार्बन-14 केव्हाच संपलेला. चिखलातल्या कार्बनपैकी फक्त दहा टक्के तेलाचा असला, तरी आजचा गाळ सुमारे 850 वर्षं जुना दिसेल. निम्मा असला तर साडेपाच हजारांहून जास्त! शिंपल्यानेही सुटका नाही, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच काही शतकं जुना दिसतो.

म्हणून जाणकार सरसकट चिखल मोजत नाहीत. तो चाळून बी किंवा नाजूक पान शोधतात. असं काही वाहत फार टिकत नाही, तेव्हा ते लवकर गाडलं गेलं असणार. कोळसा मात्र सहजी कुजत नाही, एका पुरातून दुसऱ्या पुरात जातो आणि फसवतो.

1960 च्या दशकात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हडप्पा संस्कृतीचे नमुने मोजले गेले, तेव्हा किरणोत्सार मोजायला काही ग्रॅम कार्बन लागायचा. आज ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटर कार्बन-14 चे अणूच मोजतो, त्याला मिलिग्रॅमभर पुरतो. त्यामुळे एकाच थरातल्या अनेक बिया वेगवेगळ्या तपासता येतात. खालच्या थराचं वय जास्त, वरच्याचं कमी, असं यायला हवं. वरच्या थरातली काडी खालच्या बीपेक्षा जुनी निघाली, तर ती दुसरीकडून वाहून आली असं धरून तिची तारीख बाजूला ठेवतात.