ख्रिस्ताचे राजेपद

येशू हा राजा आहे, परंतु त्याची सत्ता शस्त्रावर नव्हे तर सत्याच्या साक्षीवर उभी आहे, ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत धारणा. बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील येशू व रोमन सुभेदार पंतय पिलात यांचा संवाद हा तिचा मुख्य आधार होय.

हा संवाद यरुशलेममधील सरकारवाड्यात घडतो. वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनापूर्वी परधर्मीयाच्या वाड्यात शिरून विटाळ होऊ नये म्हणून आरोप करणारे यहुदी पुढारी बाहेरच थांबतात आणि सुभेदारालाच आत-बाहेर येरझाऱ्या घालाव्या लागतात. ‘तू यहूद्यांचा राजा आहेस काय?’ हा पिलाताचा प्रश्न निव्वळ राजकीय आहे. ही पदवी पूर्वी रोमने आपला मांडलिक राजा हेरोद याला दिली होती आणि रोमच्या संमतीवाचून ती मिरवणे हे बंडच ठरले असते. ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही’ या उत्तराचा अर्थ अनेकदा ‘ते परलोकातले आहे’ असा घेतला जातो, तो अपुरा आहे. मूळ ग्रीक शब्दयोजना राज्याचा उगम सांगते, ठिकाण नव्हे: हे राज्य जगात आहे, पण जगातून उपजलेले नाही. त्याची खूण म्हणून येशू आपले सेवक लढत नाहीत याकडे बोट दाखवतो. आदल्या रात्रीच येशूचा शिष्य पेत्र याने येशूला पकडायला आलेल्यांतील मल्ख नावाच्या दासाचा कान छाटला होता आणि येशूने पेत्राला तलवार म्यान करायला लावली होती, हे वाचकाला ठाऊक असते. पुढे येशू आपल्या जन्माचे प्रयोजनच ‘सत्याविषयी साक्ष देणे’ असे सांगतो. ‘सत्य म्हणजे काय?’ असे विचारून पिलात उत्तरासाठी न थांबता बाहेर जातो. हा प्रश्न उपहासाचा, वैतागाचा की हतबलतेचा, याबद्दल भाष्यकारांत एकमत नाही. मात्र ज्याच्या हाती मृत्युदंडाचा अधिकार आहे तो ‘मला ह्याच्यात काही अपराध सापडत नाही’ असे म्हणूनही आरोपीला सोडू शकत नाही, यातच सत्तेची मर्यादा उघडी पडते.

याच संवादाच्या काही ओळी मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातील पपायरसच्या तुकड्यावर टिकून आहेत. हाताच्या पंजात मावेल एवढा हा तुकडा सामान्यतः इ. स. दुसऱ्या शतकातला मानला जातो आणि नव्या कराराच्या (बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या) सर्वांत जुन्या अवशेषांत गणला जातो.

पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ च्या परिपत्राने ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. महायुद्धानंतरच्या युरोपात राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्ष राजवटी बळावत असताना राज्यसंस्थाही ख्रिस्ताच्या अधिकाराखाली येतात, असे त्यात ठासून म्हटले होते. मेक्सिकोत चर्चवर कठोर निर्बंध असताना मिगेल प्रो हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू २३ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ असे म्हणत गोळीबार पथकापुढे उभे राहिले. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात हीच घोषणा बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्यांच्या ओठी आली. एकच वाक्य छळल्या जाणाऱ्यालाही वापरता येते आणि सैन्यालाही, हा या कल्पनेतला खरा पेच आहे. जर्मनीतील काही प्रॉटेस्टंटांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे ही कल्पना नेमकी उलट दिशेने वापरली: येशू ख्रिस्त हाच ऐकावयाचा देवाचा एकमेव शब्द आहे, या भूमिकेतून त्यांनी चर्चवर नाझी विचारांचा अंमल नाकारला.

मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. राजसत्तेचाच शब्द घेऊन त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या येशूभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला.

कॅथलिक सणांच्या दिनदर्शिकेतील १९६९ च्या सुधारणेनंतर ख्रिस्तराजाचा सण ऑक्टोबरातून आगमनकाळापूर्वीच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाआधीच्या, रविवारी हलवला गेला. चर्चमधील बायबलवाचनाच्या त्रैवार्षिक क्रमात दुसऱ्या वर्षी या दिवशी योहानातील हाच संवाद वाचतात. पण वाचन ३७ व्या ओवीशी थांबते. पिलाताचा प्रश्न ३८ व्या ओवीत आहे. तो ऐकू येतो उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), येशूच्या दुःखसहनाच्या दीर्घ वाचनात.