रॉकी हरतो, टली जिंकतो

परिस्थितीने गांजलेला, उमेदीची वर्षं मागे पडत चाललेला एक बॉक्सर. राहायला कोंदट खोली, खिशात चिल्लर आणि अचानक समोर आलेली एक लढत. एवढंच सांगून सिनेमा ओळखायला लावला, तर बहुतेक जण ‘रॉकी’ म्हणतील. पण हेच वर्णन त्याच्या चार वर्षं आधी, 1972 साली आलेल्या दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या ‘फॅट सिटी’लाही तंतोतंत लागू पडतं. त्यामुळे ‘फॅट सिटी’कडे रॉकीची उदास आवृत्ती म्हणून बघण्याचा मोह होतो. मला तो घोटाळा वाटतो.

आधी निकाल बघू. ‘रॉकी’त नायक हरतो. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचा कौल प्रतिस्पर्धी अपोलो क्रीडच्या बाजूने जातो, तोही दुभंगलेला, म्हणजे एकमताने नव्हे. तरीही रॉकी जिंकल्याचंच अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याला 1979 चा दुसरा भागही कारणीभूत असावा, कारण त्यात तो खरोखर जिंकतो. उलट ‘फॅट सिटी’चा बिली टली आपली लढत जिंकतो. फक्त ते त्याला कळत नाही. मार खाऊन तो इतका सुन्न झालेला असतो, की आपणच बाद झालो का, असं विचारतो.

लढतीनंतर त्याच्या हातात 100 डॉलर पडतात. बाकीचे उचलीत गेलेले. आता गंमत अशी, की पैसे कापून घेण्याचा अगदी असाच प्रसंग ‘रॉकी’तही आहे: लॉकरचे, टॉवेलचे, अंघोळीचे वजा करून उरतात 40 डॉलरच्या आसपास. फरक आहे तो जागेचा. ‘रॉकी’त हा हिशेब सुरुवातीला येतो, पुढे पायऱ्या चढायच्या आहेत हे सांगायला. ‘फॅट सिटी’त तो मोठ्या विजयानंतर येतो आणि टली पुन्हा दारूकडे वळतो.

‘रॉकी’तला सराव, संगीत, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या, यांबद्दल नव्याने काय सांगायचं! ‘फॅट सिटी’त मेहनतीची दृश्यं आहेत, पण बरीचशी शेतातली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये टली रोजंदारीवर राबतो. ज्याच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे त्या लिओनार्ड गार्डनरनेच पटकथाही लिहिली.

पण मला सगळ्यात मोठा फरक प्रतिस्पर्ध्यात दिसतो. अपोलो क्रीड जगज्जेता आहे, बोलघेवडा आहे आणि मुळात रॉकीच्या वाटेतला डोंगर आहे. टलीसमोरचा लुसेरो मात्र एकटाच येतो. लढतीआधी आपण त्याला लघवी करताना बघतो. तिच्यात रक्त आहे. टलीला हे माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मग रिंगमधला टलीचा प्रत्येक ठोसा बघताना आपण नेमकं कुणाच्या बाजूने ओरडायचं? ही भूमिका सिक्स्टो रॉड्रिगेझ या खऱ्या बॉक्सरने केली आहे. हरल्यावर लुसेरो नीटनेटके कपडे घालून रिकाम्या वाटेने चालत निघून जातो. त्या चालण्यात जे आहे, ते सांगायला संवाद लागत नाही.

‘रॉकी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, ‘फॅट सिटी’ला एक नामांकन: ओमा या दारुड्या बाईच्या भूमिकेसाठी सुझन टायरेलला. दोन्ही सिनेमे आपापल्या जागी पक्के आहेत. रॉकीची कथा एका लढतीकडे धावते, म्हणून ती अंतिम घंटेबरोबर संपते. टलीची लढत संपल्यावरही सिनेमा संपत नाही. शेवटी तो आणि तरुण बॉक्सर अर्नी मंगर कॉफी घेऊन बसतात. अर्नी निघायच्या बेतात असतो. टली त्याला म्हणतो, थांब जरा, बोलू. अर्नी थांबतो. दोघं काहीच बोलत नाहीत.