फोल्डर शेअर केलं, मग पासवर्ड कुणाचा?

विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरल्या शेअर्ड फोल्डरवर क्लिक केलं की युजरनेम-पासवर्ड विचारणारी चौकट येते आणि बहुतेकजण त्या फोल्डरचा पासवर्ड आठवू लागतात. तो नसतोच. फोल्डर ज्या मशीनवर आहे, तिथल्या एखाद्या अकाउंटचा पासवर्ड हवा असतो. ही गैरसमजूत मात्र लोकांच्या मनातून उगवलेली नाही. एके काळी फोल्डरला खरोखरच पासवर्ड असायचा.

विंडोज ९५ मध्ये तर एकाच फोल्डरला दोन लावता यायचे, एक नुसतं वाचायला आणि दुसरा सगळं करायला. आलंय कोण, हे कुणी विचारत नसे. २००० साली त्यातला एक दोष उघड झाला. पासवर्डची किती अक्षरं ताडून पाहायची, हे आत येऊ पाहणारं मशीनच सांगू शकत होतं. ‘एक’ म्हटलं की पहिलंच अक्षर तपासलं जाई. समांतर चाललेल्या विंडोज एनटीमध्ये १९९३पासून अकाउंटवर आधारलेली पद्धत होती, पण ती कार्यालयांपुरती.

२००१च्या एक्सपीत घर आणि कार्यालय या दोन्ही शाखा एक झाल्या, आणि मला विचाराल तर आजचा सगळा घोळ तिथला आहे. घरच्या माणसाला अकाउंटची भानगड नको म्हणून ‘सिंपल फाइल शेअरिंग’ आलं. नेटवर्कवरून कुणीही आलं तरी त्याला गेस्ट, म्हणजे अकाउंट नसलेला पाहुणा, समजायचं. होम आवृत्तीत ते बंद करायची सोयही नव्हती. चौकट गायब झाली, लोक खूश. पण सगळेच गेस्ट म्हटल्यावर अमक्याला वाचायची परमिशन, तमक्याला बदलायची, असा भेद उरलाच नाही. त्याच एक्सपीत दुसरा नियम आला, की पासवर्ड नसलेल्या अकाउंटने नेटवर्कवरून लॉगिन करता येणार नाही. नियम योग्यच होता. पण प्रोफेशनल आवृत्तीत कुणी सिंपल शेअरिंग बंद केलं, की नाव बरोबर, पासवर्ड मुळात नाहीच, तरी प्रवेश नाही, अशी गत व्हायची.

मग २००७च्या व्हिस्टात ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ नावाचं बटण आलं. इतकं फसवं नाव शोधून सापडणार नाही. वाचणाऱ्याला वाटतं, हे चालू केलं की फोल्डरला पासवर्ड लावता येईल. लोक तो कुठे टाकायचा ते शोधत बसतात. प्रत्यक्षात चालू म्हणजे ‘या मशीनवर अकाउंट असलेल्यांनाच आत घे’, आणि बंद म्हणजे ‘अनोळखी आला तर गेस्ट म्हणून घे’. यातला ‘अनोळखी’ महत्त्वाचा. दोन्ही मशीनवर एकाच नावाचं अकाउंट असेल आणि पासवर्ड वेगळे असतील, तर बटण बंद ठेवूनही चौकट येते, कारण आलेलं नाव ओळखीचं निघतं आणि पासवर्ड जुळत नाही. ‘बंद केलं तरी मागतोच’ ही तक्रार बरेचदा इथली असते.

बटण बंद केलं म्हणजे परमिशन मिळाली, असंही नाही. शेअरची परमिशन वेगळी, डिस्कवरच्या फायलींची स्वतःची (एनटीएफएस) परमिशन वेगळी. दोन्हींत जी कडक, ती लागू. शेअरवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, ते यामुळे.

विंडोज ७ सोबत २००९ मध्ये होमग्रुप आला. सगळ्या घराला मिळून एकच पासवर्ड, तोही मशीननेच बनवलेला. २०१८ मध्ये होमग्रुपच काढून टाकला. त्याआधी, २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ या फायली शेअर करायच्या जुन्या यंत्रणेतल्या भगदाडातून जगभर पसरला होता. त्याच वर्षीच्या विंडोज १० मधून एसएमबी १ सरसकट बसवणं थांबलं आणि मोठ्या संस्थांच्या आवृत्त्यांत गेस्ट प्रवेशही बंद झाला. २०२४च्या विंडोज ११ मध्ये ही बंदी प्रो आवृत्तीपर्यंत आली. वर्षानुवर्षं ‘पासवर्ड लागत नाही’ शिकवून झाल्यावर एका अपडेटनंतर जुना नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची पेटी, उघडेनासा झाला, तर माणूस नेटवर्क बिघडलं असंच म्हणणार.

मधल्या काळात पिन आला. रोज चार आकडे टाकून मशीन उघडणारा माणूस चौकटीतही तेच टाकतो, पण पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. अकाउंट ऑनलाइन असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या ईमेल अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो कित्येकांनी महिनोन्‌महिने टाइप केलेला नसतो. चुकीचा टाकून ‘लक्षात ठेव’वर टिक केली असेल, तर कधीकधी आधी विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली, म्हणजे साठवलेल्या पासवर्डच्या यादीतली, ती नोंद पुसावी लागते.