वुडस्टॉकच्या आठवणी: शेतातल्या किती, पडद्यावरच्या किती?

ऑगस्ट १९६९मधल्या, अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला गेलेल्यांच्या आठवणी वाचल्या की एक गोष्ट लगेच जाणवते. माणसं गाण्यांबद्दल कमी बोलतात. चिखल, भूक आणि तुंबलेला रस्ता यांबद्दल मात्र किती सांगू नि किती नको असं होतं त्यांना.

त्याचं मूळ आधीच्या महिन्यात आहे. महोत्सव व्हायचा होता न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिलला. पण हिप्पींची ही जत्रा आपल्या गावात नको म्हणून तिथल्या कारभाऱ्यांनी जुलैच्या मध्यावर मोडता घातला. मग मॅक्स यासगर या गोठेवाल्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क राज्यातल्याच बेथेलची जमीन भाड्याने दिली. वुडस्टॉक गाव तिथून सत्तरेक किलोमीटरवर, नाव तेवढं चिकटून राहिलं. हाताशी महिनाच उरलेला. मंच आणि कुंपण दोन्ही वेळेत होणं शक्य नव्हतं, तेव्हा आयोजकांनी मंचाला हात घातला. तीन दिवसांचं आगाऊ तिकीट १८ डॉलरला विकलं होतं. पण ते तपासायला फाटकच नाही! शेवटी सगळ्यांना प्रवेश फुकट करावा लागला. चार लाखांच्या घरात माणसं आली. लोक गाड्या रस्त्यातच सोडून चालत निघाले, कलाकार हेलिकॉप्टरने आणले गेले. बाकीचे पोचले नव्हते म्हणून गायक रिची हेवन्सला सगळ्यात आधी उभं केलं आणि गाणी संपली तरी गात राहायला लावलं.

आपल्याला जवळची आठवण पहिल्या रात्रीची. पंडित रविशंकर पावसात सतार वाजवत होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. भिजल्या हवेत सतार सुरात ठेवणं म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच विचारावं. दोन वर्षांपूर्वीच्या, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवाबद्दल पंडितजी आपुलकीने बोलत; इथल्या चिखलात लोळणाऱ्या, नशेतल्या गर्दीने मात्र त्यांना आपल्याकडच्या डबक्यातल्या म्हशी आठवल्या. वुडस्टॉकच्या गोडव्यांत ही आठवण सहसा येत नाही.

अन्न संपल्यावर हॉग फार्म या कम्युनच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या हिप्पींच्या मंडळींनी लोकांना फुकट खाऊ घातलं. शेजारच्या माँटिसेलोतल्या ज्यू समाजाच्या बायकांनी सँडविचचे ढीग करून पाठवले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या त्या पोरांसाठी डॉक्टर आले ते लष्करी हेलिकॉप्टरमधून. असे तपशील ऐकले की सांगणारा खरंच तिथे होता, असं मला वाटतं.

गाण्यांच्या आठवणींबद्दल तशी खात्री देता येत नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तेव्हा सोमवारची सकाळ उजाडली होती आणि बहुतेक गर्दी पांगली होती. तरी गिटारवरचं ते अमेरिकन राष्ट्रगीत 'आम्ही समोर बसून ऐकलं' म्हणणारे भेटतातच. १९७० साली मायकेल वॉडलीचा तीन तासांचा माहितीपट आला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि आधीच घरी गेलेल्यांनीही हेंड्रिक्स थेटरात पाहिला. त्यांना खोटारडं ठरवायचं कारण नाही. शेतात पाहिलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं इतक्या वर्षांत एकमेकांत मिसळणारच. २००८पासून त्याच जागी संग्रहालय आहे आणि तिथे या आठवणी नोंदवून घेतल्या जातात.

शेजाऱ्यांच्या आठवणी वेगळ्याच. शेतांची नासाडी झाली म्हणून त्यांनी यासगरवर दावे लावले. पुढच्या वर्षी पुन्हा जागा द्यायला त्याने साफ नकार दिला आणि १९७१मध्ये शेतच विकून टाकलं.