बटण दाबल्यानंतरचा अर्धा सेकंद

"मामा, पीसी मेला."

भाच्याने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला संगणक. दहा दिवस धडधाकट चालला. रविवारी सकाळी बटण दाबलं तर पंख्याने जेमतेम अर्धा फेरा घेतला आणि गप्प. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. "पण मदरबोर्डवरचा लाइट लागतोय. म्हणजे करंट येतोय ना?"

येतोय. पण कुठला, हा प्रश्न आहे.

संगणकाचं बटण दिव्याच्या बटणासारखं असतं, असं आपण धरून चालतो. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे संगणकाच्या मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या रचनेचं मानक आणलं, तेव्हापासून तसं नाही. एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, भिंतीवरून वीज मिळत असली की त्यातली एक जांभळी तार कायम जिवंत असते, ५ व्होल्टची. भाच्याला दिसलेला लाइट या तारेच्या जिवावर. बटण नुसती मदरबोर्डला खूण करतं. मग मदरबोर्ड हिरवी तार शून्य व्होल्टवर खेचतो आणि तेव्हा कुठे एसएमपीएस खरा कामाला लागतो. (हल्ली बऱ्याचदा सगळ्या तारा काळ्याच येतात, जागा मात्र त्याच.)

आता माझी लाडकी राखाडी तार. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारा आपापल्या पातळीला पोचल्या तरी एसएमपीएस घाई करत नाही. १२ म्हणजे ११.४ ते १२.६ च्या आत आहे ना, बाकीच्याही ठीक ना, हे पाहून आणखी ०.१ ते ०.५ सेकंद थांबून तो राखाडी तारेवर होकार देतो. तोवर प्रोसेसरला अडवून धरलेलं असतं. कारण अर्धवट व्होल्टेजवर ट्रान्झिस्टरला ० आणि १ यांतला फरक धड कळत नाही. असा प्रोसेसर चालू झाला तर काहीबाही बरळेल. पंगतीत शेवटचं पान वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही, तसंच.

होकार मिळाला की प्रोसेसर पहिली आज्ञा आणायला मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, तो ४ जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडे. हाच पत्ता का? इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये ती जागा १ एमबीच्या १६ बाइट अलीकडे होती. हद्द लांब गेली, १६ चं अंतर वारशाने तसंच राहिलं. असो, भाचा फोनवर ताटकळला होता.

त्याच्याकडे पंगत बसलीच नव्हती. अर्ध्या फेऱ्यात थांबणारा पंखा बहुतेकदा शॉर्टसर्किट सांगतो. ओहमचा नियम शाळेतलाच: १२ व्होल्टच्या वाटेत ०.०५ ओहमचाच अडथळा उरला तर २४० अँपिअर वाहू पाहतील. ६०० वॉटचा एसएमपीएस १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५० देणार. तो क्षणात हात आखडता घेतो आणि रुसून बसतो. भिंतीवरचं बटण बंद करून थोडा वेळ जाऊ दिल्याशिवाय बरेच एसएमपीएस पुन्हा उठत नाहीत. दुसऱ्यांदा "मेलेला" वाटला तो यामुळे.

"शनिवारी काही केलंस?"

"आजीने वास्तूवाल्याचं ऐकून ईशान्य कोपऱ्यात हलवायला लावला. आडवा करून नेला."

वायरीला दिशा कळत नाही, पण आडवं करणं कळतं. त्याला मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवायला सांगितलं. प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, बाकी सगळं सुटं. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर बसली आहे ना, रॅम दोन्हीकडे खट्कन बसली ना, हेही बघून घेतलं. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही: २३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ असतं, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तो साठा काही काळ टिकून राहतो.

पुठ्ठ्यावर संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला. रिकामं कॅबिनेट हलवलं तेव्हा आतून किणकिण ऐकू आली. जोडताना हरवलेला एक स्क्रू. दहा दिवस कोपऱ्यात निमूट पडला होता, आडवं केल्यावर घरंगळत मदरबोर्डखाली गेला आणि टाचणीसारख्या डाखांना पत्र्याशी जोडून बसला.

संगणक आता ईशान्येलाच आहे, उभा. चालू झाल्याचं श्रेय आजींनी दिशेला दिलंय.