मत्स्यपेटीतील गर्दी व अनाकलनीय मृत्यू

घरातील काचेच्या पेटीत पाण्याला पेलतील त्याहून जास्त मासे असणे, आणि आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट दिसणारे मासे एकाएकी दगावणे, या दोन निगडित गोष्टींचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे सातारा व सांगली जिल्ह्यांतील दोन फुटांपर्यंतच्या, गोड्या पाण्याच्या पेट्यांची घेतली आहेत. पेटीची मांडणी, रोषणाई, शोभेच्या वनस्पती व समुद्री मासे यांचा विचार येथे नाही.

पूर्वपीठिका : कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कार. ११२७–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात माशांचे प्रकार, त्यांना घालायची आमिषे व गळाने मासे धरण्याचा ‘मत्स्यविनोद’ यांचे वर्णन येते. परंतु तो नदी-तळ्यावरचा राजस खेळ असल्याने घरगुती पेटीचे मूळ त्यात शोधणे ताणलेले ठरते. विहिरीत व हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी मासे सोडण्याची रीत त्यामानाने जवळची आहे. आज आरोग्य विभाग यासाठी गप्पी मासे पुरवतो. दक्षिण अमेरिकेतील हा मासा भारतात १९०८ ते १९१० च्या सुमारास आला असावा. तो एकापेक्षा अधिक वेळा आणला गेल्याचे दिसते.

काचेच्या पेटीचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. झान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी सिसिलीत १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचपेट्या वापरल्या, म्हणून अनेक लेखक त्यांना आद्य मानतात. इंग्रज रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० मध्ये दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून ‘समतोल’ पेटीची कल्पना मांडली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ झाल्यावर त्यांनी गोगलगायी घातल्या होत्या. प्रस्तुत विषयाला वॉरिंग्टन अधिक जवळचे आहेत, कारण किती मासे ठेवावेत हा प्रश्न त्यांच्या प्रयोगातच दडलेला होता. मात्र मासा, वनस्पती व गोगलगाय एवढ्यांवर समतोल साधतो ही समजूतही त्यांच्यामुळेच दृढ झाली. जीवाणूंचे काम तेव्हा ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात ही हौस पसरण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा (१९५१) वाटा असावा.

गर्दी मोजण्याच्या रीती : सर्वांत प्रचलित ठोकताळा ‘एका गॅलनला एक इंच मासा’ असा आहे. अमेरिकी गॅलन ३.७८ लि. भरतो. जुन्या इंग्रजी रीतीत पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ धरत : उष्ण प्रदेशातील माशांना दर इंच लांबीमागे सुमारे १२ चौ. इंच, गोल्डफिशला २४ ते ३० चौ. इंच. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीला हे लावून पाहता येते. तिचे बाह्य घनफळ सुमारे ५६ लि. असले, तरी तळातली वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४० ते ४५ लि. मावते. गॅलनच्या हिशेबाने तिच्यात ११ ते १२ इंच मासे बसतात, तर पृष्ठभागाच्या हिशेबाने उष्ण प्रदेशातील मासे २४ इंच आणि गोल्डफिश १० ते १२ इंच. एकाच पेटीसाठी दोन ठोकताळे दुपटीचे अंतर दाखवतात.

याहून मोठा दोष लांबी मोजण्यातच आहे. लांबी चौपट झाली की वजन सुमारे ६४ पट होते. म्हणून दहा सेंमी.चा एक गोल्डफिश अडीच सेंमी.च्या चार टेट्रांबरोबर तोलणे निरर्थक ठरते. शिवाय दुकानातील मासा बहुधा पिल्लू असतो. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे पांगसचे बोटभर पिल्लू नैसर्गिक स्थितीत मीटरभराहून मोठे होते. काच साफ करील म्हणून घेतलेला सकर फूटभर सहज वाढतो.

पृष्ठभागाची रीत प्राणवायूपुरती योग्य आहे. समुद्रसपाटीला २० अंश से. तापमानाच्या पाण्यात सुमारे ९.१ मिग्रॅ./लि. प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना ६.९. साताऱ्याच्या उंचीवर यात आणखी सात-आठ टक्के घट धरावी लागते. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेकडे पाणी तापते, माशांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यातच भारनियमनात एअर पंप थांबला, तर गर्दीच्या पेटीतले मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. वनस्पतीही रात्री प्राणवायू घेत असल्याने त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. सकाळी उठल्यावर मासे मेलेले आढळण्यामागे अनेकदा एवढेच असते.

उत्सर्गाच्या दृष्टीने लांबी किंवा क्षेत्रफळापेक्षा दररोज पडणारे खाद्य मोजणे अधिक ग्राह्य वाटते. साधारण प्रथिनयुक्त खाद्याच्या १ ग्रॅममागे ढोबळमानाने ३० मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो, बहुतांश कल्ल्यांवाटे. दररोज १ ग्रॅम खाद्य पडले तर ४५ लि. पाण्यात ही विषारी भर दिवसाला सुमारे ०.७ मिग्रॅ./लि. होते. नव्या पेटीत ती खपवणारे जीवाणू नसतात. ते स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. सजवलेली पेटी आणि दहा मासे एकाच संध्याकाळी घरी आणले, तर पहिल्या पंधरवड्यातले मृत्यू अनाकलनीय म्हणता येत नाहीत.

नायट्रीकरण कोण करते : सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे केले, तेव्हापासून नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतो व नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रेट करतो असे शिकवले गेले. १९९८ मध्ये हॉव्हानेक व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा करतो असे दाखवले. २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया गटातील (जीवाणूंहून वेगळा) सूक्ष्मजीव सिएटलच्या एका मत्स्यालयातील खड्यांतून वेगळा केला गेला. २०११ मधील एका पाहणीत गोड्या पाण्याच्या बहुतेक फिल्टरांत आर्कियांचेच आधिक्य आढळले, तर २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा उजेडात आला. त्यामुळे बाटलीत विकल्या जाणाऱ्या जीवाणूंपेक्षा ओळखीच्या जुन्या पेटीतला वापरता स्पंज नव्या फिल्टरमध्ये बसवणे अधिक भरवशाचे मानावे. गंमत म्हणजे घरोघरी हाच स्पंज दर रविवारी नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला जातो.

सूक्ष्मजीव कोणतेही असले तरी हिशेब तोच राहतो : १ मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ मिग्रॅ. प्राणवायू लागतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत ७.१ मिग्रॅ. एवढी पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता खर्ची पडते.

दोन जिल्ह्यांचे पाणी : येथे स्थळाचा फरक महत्त्वाचा ठरतो. साताऱ्याच्या काही भागांत येणारे कासचे पाणी जांभ्या खडकाच्या पठारावरचे, म्हणून तुलनेने सुफेन व बायकार्बोनेटे, म्हणजे आम्ल पचवणारे क्षार, कमी असलेले. माण-खटाव, जत, आटपाडी या भागांतील बोअरचे पाणी काळ्या पाषाणातले, म्हणजे बहुधा जड आणि ७.५ ते ८.५ सामूचे (पीएचचे). वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरींत त्यात मिठाचीही भर पडते. कृष्णेचे नळाचे पाणी या दोन टोकांच्या मधले.

वर काढलेल्या हिशेबाने दररोज १ ग्रॅम खाद्य पडणाऱ्या ४५ लि. पाण्यात आम्ल पचवण्याची क्षमता दिवसाला जवळपास ५ मिग्रॅ./लि. घटते. ५० मिग्रॅ./लि. क्षमतेचे सुफेन पाणी दहाएक दिवसांत रिकामे होते, २५० मिग्रॅ./लि.चे बोअरचे पाणी त्याच्या पाचपट टिकते. ती संपली की सामू सहाच्याही खाली घसरतो, नायट्रीकरण मंदावते, अमोनिया साचू लागतो. तरीही मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सर्वच्या सर्व अमोनियम या सौम्य रूपात असतो. २५ अंशांना विषारी रूपाचा वाटा सामू ६ ला सुमारे ०.०६ टक्के, ७ ला ०.६ टक्के आणि ८ ला ५ टक्क्यांहून थोडा अधिक असतो. अशा पेटीतले निम्मे पाणी काढून आठ सामूचे ताजे पाणी ओतले, की सामू वर चढू लागतो आणि साचलेल्या अमोनियाचा विषारी वाटा एकदम कितीतरी पटींनी वाढतो. ‘कालच तर पाणी बदललं, तरी गेले’ ही तक्रार पुष्कळदा या घटनेचेच अचूक वर्णन असते.

बोअरच्या पाण्यात धोका उलट दिशेचा. तेथे सामू टिकतो, म्हणून थोडाही अमोनिया जाचक होतो आणि गर्दीची शिक्षा लगेच मिळते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन हे तिसरे कारण. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिग्रॅ./लि. असावा लागतो, माणसाला निर्धोक असलेली ही मात्राही कल्ल्यांना व फिल्टरमधील जीवाणूंना अपायकारक असते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले किंवा पूर आला की टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा वाढते, आणि वर्षभर ज्या पद्धतीने पाणी बदलले तीच पद्धत एकाएकी घातक ठरते. पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवणे किंवा क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या थायोसल्फेटचे थेंब घालणे हा उपाय आहे.

घरातील विषे : डास पळवणाऱ्या वड्या, कॉइल व विजेवरची द्रवरूप औषधे यांतील पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असल्याने बंद दाराच्या खोलीत यंत्र रात्रभर चालू राहिले तर पंप हाच विषाचा मार्ग बनतो. झुरळांच्या फवाऱ्याचेही तेच. तासगावकडील द्राक्षबागायतदारांच्या घरी आणखी एक धोका संभवतो : बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) कालवलेली बादली. त्यातील मोरचुदाचे तांबे अल्प प्रमाणातही माशांना बाधते, आणि पाणी जितके सुफेन तितके अधिक. पेटीची बादली वेगळी असावी.

समजुती : गेल्या दोन-तीन दशकांत फेंगशुईच्या प्रभावाने आठ सोनेरी व एक काळा असे नऊ मासे ठेवण्याची चाल शहरी घरांत रुजली आहे. दोन फुटी पेटीत नऊ गोल्डफिश वाढते झाल्यावर कोणत्याही ठोकताळ्यात बसत नाहीत. मासा मेला तर तो घरावरचे संकट घेऊन गेला असे मानून लगेच दुसरा आणतात. या समजुतीचे सांस्कृतिक मूल्य काही असो, तिच्यामुळे मृत्यूचे कारण शोधले जात नाही आणि पेटीतील संख्याही कधी घटत नाही. गप्पी-मॉली ही पिल्ले घालणारी मंडळी तर बाहेरून भर न घालताच गर्दी करतात. गप्पीची मादी साधारण महिन्याने वितेच, आणि साठवलेल्या शुक्राणूंवर नर नसतानाही पुढच्या खेपा होऊ शकतात.

कारणनिश्चिती : मृत्यूंचा क्रम बोलका असतो. सगळे मासे काही तासांत गेले तर विष, क्लोरीन किंवा प्राणवायूचा तुटवडा. मोठे आधी गेले आणि लहान तगले तर बहुधा प्राणवायू. रोज एक-दोन जात असतील तर अमोनिया, नायट्राइट किंवा रोग. नायट्राइटने रक्त तपकिरी पडते, कल्ले काळपट दिसतात. चिमूटभर खडे मीठ त्यावर उपयोगी पडते, कारण क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येण्यापासून अडवते. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो ‘इक’ हा परजीवी असतो व तो बहुधा नव्या माशाबरोबर येतो, म्हणून नवा मासा दोनतीन आठवडे वेगळा ठेवतात. मागील तीन-चार दिवसांत पाणी, फिल्टर, औषधे, वीज व पाहुण्यांनी घातलेले खाद्य यांत काय बदलले याची चौकशी केल्यास ‘अनाकलनीय’ हे विशेषण फार थोड्या मृत्यूंना उरते.

प्रतिबंध : आठवड्याला पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतच पाणी बदलावे. स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात खळबळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. दोन फुटी पेटीत आठ-दहा लहान टेट्रा किंवा तेवढेच नर गप्पी पुरेत.

जास्त झालेले मासे कृष्णेत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. सकरची पैदास भारतातील अनेक नद्या-तलावांत झाली असून तो जाळी फाडतो व स्थानिक माशांच्या अन्नावर, अंड्यांवर ताण आणतो. ते दुकानदाराकडे परत देणे किंवा हौद असलेल्या ओळखीच्या घरी पोचवणे बरे. गोल काचपात्रात मासे ठेवण्यास मनाई करणारे केंद्र शासनाचे नियम मे २०१७ मध्ये निघाले होते; विक्रेत्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले.